ॲपला पेन ड्राइव्ह दिसत नाही. परवानगी किती द्यावी?

राळेगावची
नमस्कार मंडळी. राळेगाव तालुक्यात आमचं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. संगणकावर विंडोजऐवजी उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. फोटो लहान करायला उबुंटूच्या सॉफ्टवेअर दुकानातून एक ॲप घेतलं. संगणकातले फोटो त्यात उघडतात. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह लावला की मात्र "परवानगी नाही" असं येतं. फाइल मॅनेजरमध्ये तोच पेन ड्राइव्ह नीट दिसतो.
सध्या पीक विम्याची गर्दी आहे. प्रत्येक फाइल आधी डेस्कटॉपवर घेते, काम झालं की पुसते. परवा एका काकांचा सातबारा पुसायचा राहिला आणि दुसऱ्याच्याच फॉर्मला जोडला जाणार होता. वेळेवर लक्षात आलं. एक जण म्हणाले, सगळ्या परवानग्या देऊन मोकळ्या व्हा. पण इथे गावाची आधार कार्डं, पासबुकं पडलेली असतात. मन धजत नाही.

धुऱ्यावरून
ताई, पेन ड्राइव्ह चांगला आहे, ॲपही चांगलं आहे. ते स्नॅप प्रकारचं असणार, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या पद्धतीने बांधलेलं ॲप. स्नॅप ॲप सँडबॉक्समध्ये चालतं. पाहुण्याला सपरीत बसवतो, आतल्या खोलीत नेत नाही, तसं. बाहेरून लावलेल्या ड्राइव्हसाठी 'रिमूव्हेबल-मीडिया' नावाची वेगळी परवानगी आहे आणि ती सहसा आपोआप मिळत नाही.
सेटिंग्जमध्ये ॲप्लिकेशन्स उघडा, ते ॲप निवडा, रिमूव्हेबल स्टोरेजसमोरचं बटण सुरू करा. ॲप बंद करून पुन्हा उघडा. बाकी काही देऊ नका.
दोन गोष्टी मात्र पाहा. ही परवानगी एका पेन ड्राइव्हपुरती नसते, 'मीडिया' फोल्डरखाली जे जे जोडलं जातं ते सगळं ॲपला दिसतं. हार्डडिस्कचा दुसरा भाग तिथे जोडून त्यात लोकांची कागदपत्रं ठेवली असतील, तर तीही उघडी पडतात. आणि डेस्कटॉपवर कॉपी केल्यावर फाइल उघडते, म्हणजे होम फोल्डर (डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स त्यातच येतात) त्या ॲपला आजच मोकळा आहे. फक्त नावाआधी टिंब असलेले लपलेले फोल्डर सोडून. आधार कार्डांची खरी काळजी तिथे आहे. जमलं तर होमचं बटण बंद करून पाहा.

संत्राबाग वरूड
मी फ्लॅटपॅकवाले ॲप वापरतो, हा स्नॅपसारखाच ॲपचा दुसरा प्रकार. मले तेच सोपे वाटतात. सोबत फ्लॅटसील नावाचं परवानग्या पाहाचं ॲप घ्या. कोणत्या ॲपले कोणता फोल्डर दिसते ते त्याच्यात समोरच दिसते, अन् तिथूनच बदलता येते. 'होस्ट' (म्हणजे संगणकातल्या जवळपास सगळ्या फाइली) किंवा 'होम' चालू असन तर बंद करा अन् एकच फोल्डर लिहा. मंग त्याच्यामागं कोलन देऊन 'आरओ' (:ro) जोडलं का ॲप फाइल वाचू शकते, पुसू शकत नाही.
पण ताई, पहिलं ॲप घेताना शेकडो एमबीचा रनटाइम, म्हणजे ॲप चालवायले लागणारा सामायिक भाग, उतरते. मोबाइलच्या नेटवर असान तर रात्री लावून ठेवा. पुढच्या ॲपले तोच रनटाइम लागला तर पुन्हा उतरत नाही.

पुसदकर
मी तर उबुंटूऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाका म्हणेन. २०२० च्या मिंट २० पासून त्यात स्नॅप मुळात बंद असतं, फ्लॅटपॅक तयार मिळतं.

धुऱ्यावरून
मिंट चांगलंच आहे, पण विम्याची मुदत तोंडावर असताना दुकानाच्या संगणकाला हात लावू नये. दिवाळीनंतर पाहता येईल.

राळेगावची
बटण सुरू केलं, पेन ड्राइव्ह उघडला! खूप आभार, भाऊ. होमचं बटणही बंद केलं, आता ॲप निवडलेली एकेक फाइल तेवढी उघडतं. चालेल. पण लिबरऑफिसही फ्लॅटपॅकचं घेतलं आणि त्याची 'होस्ट'ची परवानगी काढली, तर एका अर्जात जोडलेला फोटो दिसेना. अर्ज उघडतो, फोटोची जागा रिकामी.

संत्राबाग वरूड
खिडकीतून फाइल निवडली का पोर्टल (ॲप अन् फाइलींच्या मधला दरवाजा) तेवढी एकच फाइल आत देते. फोटो बाजूच्या फाइलीतून लिंक केला असन, तो बाहेरच राह्यला. व्हिडिओचे सबटायटल पण असेच अडकते. अर्जायचा एक वेगळा फोल्डर करा अन् फ्लॅटसीलमध्ये तेवढाच जोडा. फोटो त्याच फोल्डरात ठेवा.

राळेगावची
'चालू अर्ज' नावाचा फोल्डर केला, फोटो दिसला. रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी तो रिकामा करते.