हेंग ली यांचा प्रभाव मोजायचा तर कोणत्या पेपरची सायटेशन धरायची?

प्रश्न
जीनोमिक्समधल्या एका संशोधकाच्या कामाने पुढच्या संशोधनावर काय परिणाम केला, यावर लेख लिहिते आहे. हेंग ली यांना निवडलंय, पण आकडे जुळत नाहीत. डीएनएचे वाचलेले तुकडे (रीड) जीनोमवर योग्य जागी बसवणाऱ्या त्यांच्या बीडब्ल्यूए या सॉफ्टवेअरचे २००९ आणि २०१० असे दोन पेपर, शिवाय त्यातल्याच बीडब्ल्यूए-मेम या पद्धतीचा २०१३ चा प्रीप्रिंट (जर्नलबाहेर खुला केलेला मसुदा). पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीत ‘ली एच’ टाकलं की भलत्यांचेच हजारो पेपर येतात. सायटेशन मोजणाऱ्या गूगल स्कॉलर आणि वेब ऑफ सायन्स यांच्यात तफावत. कुठला आकडा धरू?

प्रतिसाद १
नावाने शोधूच नका. ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) वापरा, नाहीतर डीओआय (पेपरचा कायमचा क्रमांक) घेऊन एकेक पेपर तपासा. त्यांच्या सॉफ्टवेअर आणि पद्धतींचे महत्त्वाचे पेपर मोजकेच आहेत: मॅक (२००८), बीडब्ल्यूए आणि सॅमटूल्स (२००९), लांब रीडसाठीचा बीडब्ल्यूए (२०१०), पीएसएमसी (२०११), मिनिमॅप२ (२०१८), हायफायअ‍ॅझम (२०२१).

तफावतीचं मोठं कारण बीडब्ल्यूए-मेम. तो कुठल्याही जर्नलमध्ये छापून आलेला नाही. त्यामुळे वेब ऑफ सायन्समध्ये ‘सायटेड रेफरन्स सर्च’ करावा लागतो. तिथे एकाच प्रीप्रिंटच्या नोंदी वेगवेगळ्या लेखनाने विखुरलेल्या असतात. सगळ्यांवर खूण करून बेरीज घ्या.

प्रतिसाद २
बेरीज बरोबर आली तरी घोळ उरतोच. कित्येक जण चालवतात ‘मेम’ आणि सायटेशन देतात २००९ च्या पेपरला. त्या पेपरमधला अल्गोरिदम म्हणजे ‘एएलएन’ कमांड, साधारण १०० बेसपर्यंतच्या (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर) रीडसाठी. मेम ७० बेसपासून पुढे. दोघांची पद्धतच वेगळी.

यासाठी युरोप पीएमसी या, पूर्ण मजकुरात शोधता येणाऱ्या पेपरसंग्रहात फक्त ‘मेथड्स’ विभागात शोधा: ‘बीडब्ल्यूए मेम’, मधे जोडरेघ असलेलं आणि नसलेलं, दोन्ही. आलेल्यांतून यादृच्छिक दोनेकशे पेपर काढा आणि प्रत्येकात आवृत्ती, रीडची लांबी व दिलेलं सायटेशन नोंदवा. आवृत्ती ०.५ किंवा ०.६ असेल तर मेम असूच शकत नाही, तो ०.७ पासून आला. १५० बेसचे रीड आणि ०.७.१७ असेल तर बहुधा मेमच.

प्राचीन डीएनएचे पेपर मात्र चुकीचे समजून वगळू नका. तिथे एएलएन आजही मुद्दाम वापरतात, सीडची (जुळणी सुरू करायला घेतलेला रीडचा सुरुवातीचा भाग) लांबी १०२४ देऊन. रीड त्याहून आखूड असल्याने सीडिंग बंदच पडतं. जुन्या डीएनएच्या टोकांना सी चा टी झालेला असतो. सीड चालू ठेवला तर त्या विसंगतींमुळे खरे रीडही गळतात. त्यांचं २००९ चं सायटेशन अगदी योग्य आहे.

प्रतिसाद ३
माझ्या मते सर्वांत खोल ठसा सायटेशनमध्ये दिसतच नाही. रीड कुठे बसले ते नोंदवणाऱ्या सॅम फाइलच्या ११ बंधनकारक रकान्यांतला पाचवा पाहा: मॅपिंग क्वालिटी. रीड चुकीच्या जागी बसल्याची शक्यता. २० म्हणजे शंभरात एक, ३० म्हणजे हजारात एक. आखूड रीडसाठी ही कल्पना मॅकच्या पेपरने रुजवली. आज मॅक कोणी चालवत नाही, पण तो रकाना प्रत्येक बॅम फाइलमध्ये (सॅमचंच संक्षिप्त रूप) आहे, आणि तो वापरताना त्या पेपरचं नाव क्वचितच कोणी घेतं.

हा आकडा सगळीकडे एकसारखा नसतो, हेही लेखात यावं. जोडी नसलेल्या रीडसाठी एएलएनची कमाल ३७, मेमची ६०. मेमसाठी ठरवलेली ४० ची चाळणी (त्याहून कमी आकड्याचे रीड वगळणारी) एएलएनच्या अशा फाइलला लावली तर एकही रीड उरत नाही.

बंगळुरूच्या इंटेल प्रयोगशाळेतून आलेला बीडब्ल्यूए-मेम२ (२०१९) सुद्धा घ्या. ली त्यात सहलेखक आहेत. निकाल मूळ मेमसारखाच ठेवून वेग वाढवला आहे. दुसऱ्यांनी हार्डवेअरनुसार कोड नव्याने बांधला तरी निकाल जसाच्या तसा ठेवावा लागतो, हा मला प्रभावाचा फार सबळ पुरावा वाटतो.

प्रश्नकर्ती
मेथड्समध्ये नुसतं ‘बीडब्ल्यूए’ लिहिलं असेल तर?

प्रतिसाद २
डेटा सार्वजनिक असेल तर ईएनए या युरोपीय डेटासंग्रहावरून ‘सबमिटेड’ (लेखकांनी स्वतः दिलेल्या) प्रकारातली बॅम फाइल घ्या. फास्टक्यू (नुसत्या रीडची फाइल) घेऊन उपयोग नाही, त्यात हेडर, म्हणजे फाइल कशी बनली ते सांगणारा सुरुवातीचा भाग, नसतं. सॅमटूल्स व्ह्यूला मोठ्या एच चा पर्याय देऊन फक्त हेडर काढा आणि ‘@पीजी’ च्या (कोणता प्रोग्राम चालवला ते सांगणाऱ्या) ओळी वाचा. सॅमटूल्स स्वतःच्याही ओळी जोडतं, म्हणून ज्या ओळीचा आयडी बीडब्ल्यूए आहे तीच धरा. तिच्या ‘सीएल’ मध्ये सहसा लेखकांनी चालवलेली कमांड असते.