मदत हवी आहे: हार्मोन्स चालू असताना केस गळतायत, गोळ्या थांबवू का?

खाडीपलीकडची

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते, वय ३१. ट्रान्स स्त्री आहे. शिमग्याच्या सुमारास मुंबईच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टनी (हार्मोन्सचे डॉक्टर) इस्ट्राडायॉल, म्हणजे बायकांचं हार्मोन, आणि पुरुषी हार्मोन टेस्टोस्टेरॉनला आवरणारं स्पायरोनोलॅक्टोन सुरू केलं. सगळं बरं चाललं होतं. त्वचा मऊ झाली, अंगावरची लव विरळ झाली. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे गेलेत ते विशीपासूनच, बाबांचंही तसंच होतं, त्याचं आता फार वाटत नाही.

पण दिवाळीपासून वेगळंच काहीतरी सुरू झालंय. न्हाणीच्या मोरीत केसांचा बोळा, फणीत बोळा, उशीवर केस. नुसते पुढून नाही, सगळीकडून. वेणी मुठीत धरली तर निम्मी लागते. आई म्हणते विहिरीचं पाणी मचूळ झालंय. मामीच्या मते ही त्या गोळ्यांची उष्णता, बंद कर म्हणजे थांबेल.

तालुक्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. बाहेर बाकावर ओळखीची माणसं, आतलं दार उघडं, हार्मोन्सचं बोलायला तोंडच उघडेना. डॉक्टरांनी कागदावरचं जुनं नाव बघितलं, टाळू बघितली, 'पुरुषी टक्कल' म्हणाले आणि फिनास्टराइड लिहून दिलं. ते अजून घेतलेलं नाही. मेडिकलमधून बायोटिन, ते केसांसाठीचं व्हिटॅमिन, आणलंय, ते रोज घेते.

मुंबईची फेरी राहिलीच आहे. श्रावणात डेंगी झाला, तापाने फणफणले होते, नंतर कित्येक दिवस अंगात त्राण नव्हतं. तपासणीची तारीख त्यातच गेली, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन सध्या किती आहे ते माहीत नाही.

केसांचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. केस खांद्यावर आल्यापासून बाजारात मासेवाल्या मला 'गो बाय' म्हणून हाक मारतात. एवढंच आहे.

तर गोळ्या थांबवू का? आणि फिनास्टराइड घेऊ का?

अबोली_रत्नागिरी

ताई, थांबवू नका. निदान डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तरी नाहीच.

तुम्ही डेंगीचं जाता जाता लिहिलंय, माझी नजर तिथेच अडकली. जोराचा ताप, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, एकदम घटलेलं वजन, असं काही झालं की पुष्कळ केस वाढणं सोडून एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. श्रावणात ताप, दिवाळीत बोळे. हिशेब जुळतोय. तोवर माणूस ताप विसरलेला असतो, मग दोष पाण्याला नाहीतर गोळ्यांना.

पुरुषी टक्कल असं येत नाही. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनतं, त्याला कोपऱ्यांतली आणि टाळूवरची केसांची मुळं जास्त हळवी असतात, तिथला केस दर खेपेला आधीपेक्षा बारीक उगवतो. ते वर्षानुवर्षं चालतं आणि डोक्याची मागची बाजू शाबूत राहते. तुमचे सगळीकडून जातायत. तरी दोन्ही गोष्टी एकाच डोक्यावर असू शकतात, म्हणून प्रत्यक्ष बघून घेणं हवंच.

आणि मामींचं ऐकलंत तर उलटंच होईल. स्पायरोनोलॅक्टोन टेस्टोस्टेरॉनला आडवं येतं. बंद केलंत की टेस्टोस्टेरॉन परत चढणार, त्याच्या पाठोपाठ डीएचटी, आणि कोपऱ्यांची जी घसरण आत्ता थांबली असेल ती पुन्हा चालू.

तापाची गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आत थांबते. पण केस महिन्याला सेंटिमीटरभरच वाढतो, म्हणजे वेणी पूर्वीसारखी भरायला वर्षाच्या वर जाईल. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर मार्चमध्ये पुन्हा रडाल.

निनावी_कणकवली

एवढे महागडे डॉक्टर कशाला? माझी एक मैत्रीण माला-डी घेते, ती गर्भनिरोधक गोळी. कुठेही मिळते. केस मस्त आहेत तिचे.

अबोली_रत्नागिरी

मैत्रिणीला कृपा करून थांबवा. माला-डीमध्ये इथिनाइल इस्ट्राडायॉल असतं. त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून ट्रान्स स्त्रियांच्या उपचारात ते आता वापरत नाहीत. सिगारेट ओढत असेल तर आणखी वाईट. दुसरा घटक लेव्होनॉर्जेस्ट्रेल, त्याचा गुण थोडा पुरुषी हार्मोनकडे झुकणारा. केसांसाठी ही गोळी घेणं म्हणजे गळकं छप्पर शाकारायला कौलं काढून नेण्यासारखं आहे.

मालवणी_आवशी

गो बाय, माझ्या चेडवाक टायफॉइड झालेलो तेव्हा असेच मूठ-मूठ केस गेले. मगे सगळे परत इले. घाबरा नको. खोबरेल लाव, अंडी खा, नि मामीक सांग गप रव.

औषधवाला_चिपळूण

काउंटरमागून लिहितोय, डॉक्टर नाही.

फिनास्टराइड टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी होऊ देत नाही. पण तुमचं टेस्टोस्टेरॉनच बायकांच्या पातळीला, म्हणजे ५० नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली आलेलं असेल, तर डीएचटीला कच्चा मालच उरत नाही आणि गोळीचा फारसा उपयोग होत नाही. पातळी वर असेल तर आधी मूळ औषधांचा डोस बघायचा, ते तुमच्या एंडोंचं काम. शिवाय फिनास्टराइडने काहींना उदास वाटतं, पत्रकात तसं छापलेलं असतं. ज्या डॉक्टरांना हार्मोन्सचं माहीतच नव्हतं त्यांची ही चिठ्ठी, म्हणून आधी रक्त तपासा.

रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद. मोठ्या डोसमधलं बायोटिन थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायॉल यांच्या तपासण्यांचे आकडे चुकवू शकतं. केसांच्या गोळ्यांत ते भरपूर असतं आणि घेताना हे कोणी सांगत नाही. लॅबवाल्यालाही सांगा. हार्मोन्सबरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी १२ करून घ्या. फेरिटिन कमी असलं तर ताप बरा होऊनही गळती रेंगाळते.

आणखी एक, केसांशी संबंध नाही पण तुम्ही किनाऱ्याच्या म्हणून लिहितो. स्पायरोनोलॅक्टोनने शरीरातलं पोटॅशियम वाढू शकतं आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम पुष्कळ. अशक्तपणा म्हणून घरचे रोज शहाळी पाजत असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला, पोटॅशियम आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची तपासणी) तपासा. लो-सोडियम मीठही नको, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

खाडीपलीकडची

सगळ्यांचे आभार. शहाळी रोजची होती, अगदी खरं! आता बंद.

सावंतवाडीला रक्त दिलं, रिपोर्ट मुंबईला पाठवले आणि डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं झालं. टेस्टोस्टेरॉन खाली आहे. फेरिटिन फारच कमी निघालं, लोहाच्या गोळ्या दिल्यात. फिनास्टराइड नको म्हणाले. गळती तापाचीच वाटते, तरी टाळू एकदा प्रत्यक्ष दाखवायला सांगितलंय. कोपऱ्यांसाठी हवं तर पाच टक्क्यांचं मिनॉक्सिडिल, ते केस उगवायचं औषध, टाळूला लाव म्हणाले. त्याची गोळीही मिळते ना, ती सोपी नाही का? आणि लावायचंच तर रात्री लावून झोपले तर चालेल? आमचा बोका माझ्याच उशीवर असतो, म्हणून विचारते.

औषधवाला_चिपळूण

गोळीने केस डोक्यावरच येतील असं नाही. चेहऱ्यावर, हातावरही येतात, आणि तिथले केस काढायला लेसरला पैसे मोजणाऱ्या बाईला ते परवडायचं नाही. स्पायरोनोलॅक्टोनबरोबर रक्तदाबही जास्त उतरू शकतो. लावायचंच औषध बरं.

पण बोका बाहेर. मिनॉक्सिडिल मांजराला विषारी आहे, उशीवरचं किंवा तुमच्या केसांवरचं चाटलं तरी जिवावर बेतू शकतं. औषध सकाळी लावा, हात साबणाने धुवा, पूर्ण वाळेपर्यंत त्याला जवळ घेऊ नका. औषध चालू असेल तोवर त्याला उशीवर झोपू देऊ नका आणि अभ्रे वरचेवर बदला. एवढं पाळणं जमणार नसेल तर मिनॉक्सिडिल राहू दे.

खोबरेल लावलेल्या टाळूवर ते लावू नका, कोरडी टाळू हवी. आणि तापाची गळती थांबेपर्यंत सुरूच करू नका, कारण मिनॉक्सिडिलनेही पहिले काही आठवडे केस जास्त गळतात. मग कशाने गळतायत ते कोणालाच सांगता येणार नाही.

अबोली_रत्नागिरी

त्वचेच्या डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा चालू औषधं कागदावर लिहून न्या आणि तो कागद आत गेल्यावर हातात द्या. मोठ्याने बोलावं लागत नाही. दार लावा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि ट्रान्स म्हणून उपचारात भेदभाव करायला २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. एकटं जावंसं वाटत नसेल तर आईला घेऊन जा. विहिरीच्या पाण्याचं काय ते त्यांनाच डॉक्टरांना विचारू दे.