मखर, ट्रेलर आणि जोशीकाकांचा हुक
(गणपती सामान ग्रुप, बोब्लिंगन, जर्मनी)

मंजिरी: नमस्कार मंडळी. शनिवारी केलरमधलं (तळघरातलं) सामान फायहिंगनच्या हॉलवर न्यायचंय आणि आज बुधवार. ट्रेलर बुक झालाय का, कोणी केलाय, काही पत्ता नाही. गेल्या वर्षी माझ्या नावावर घेतला, मागचा दिवा फुटला, डिपॉझिटमधून ६० युरो कापले. ते मला अजून कोणी दिलेले नाहीत. या वर्षी माझं नाव कृपया कोणी सुचवू नये 🙏

केतकी: दिवा कोणी फोडला ते अख्ख्या मंडळाला माहितीये 🙈

रणजित: माझ्याकडं बघून बोलू नका. तो खांब तिथं आधी नव्हता.

निखिल: 😂😂

जोशीकाका: सर्वांना सुप्रभात 🌹 माझ्या नवीन गाडीला ट्रेलर जोडायचा हुक आहे.

अमेय: नमस्कार, मी अमेय. जानेवारीत आलोय. शनिवारी पूर्ण दिवस मोकळा आहे. माझी गाडी नाही, पण पुण्यात ट्रेकच्या ग्रुपची ट्रॅव्हलर मीच चालवायचो. कोणी गाडी दिली तर ट्रेलर मी आणतो.

मंजिरी: बघा! याला म्हणतात उत्साह. जुन्या लोकांनी जरा शिकावं.

सुहासदादा: अमेय, स्वागत. एक विचारतो, राग मानू नकोस. इथलं लायसन झालंय?

अमेय: भारतातलं आहे दादा. जर्मन भाषांतर पण करून घेतलंय.

सुहासदादा: इथे राहायला आल्यापासून ते सहा महिने चालतं. जानेवारीत आलास म्हणजे तुझे संपले. आता थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्ही परीक्षा द्यायच्या आणि इथलं काढायचं. तोवर चालवलीस तर कायद्याच्या लेखी तू विनालायसन. नुसती पावती फाडून सुटका नाही, फौजदारी गुन्हा आहे, जास्तीत जास्त शिक्षा एक वर्ष कैद.

निखिल: दादा, सहाचे बारा महिने करून मिळतात. माझ्या कलीगला मिळाले होते.

सुहासदादा: तुझा कलीग वर्षाच्या आत परत जाणार होता. तसं दाखवता आलं तरच अर्ज करून मिळतात. अमेयची नोकरी कायमची आहे. आणि अजून एक, गाडी ज्याच्या नावावर असते त्याने जाणूनबुजून चालवायला दिली तर तोही त्याच कलमात येतो. म्हणून "कोणी गाडी दिली तर" हे वाचून मला घाम फुटला.

अमेय: सॉरी, हे खरंच माहीत नव्हतं. उचलाउचलीला येतो मग.

मंजिरी: नवीन मुलगा आला की लगेच कायद्याची कलमं. अशाने कोण येईल मंडळात?

सुहासदादा: मंजिरी, पोलिसांनी थांबवल्यावर मंडळ येणार आहे का सोडवायला?

जोशीकाका: माझ्या गाडीला हुक आहे. कोणी वाचतंय का?

रणजित: काय लावलंय राव हे. आमच्याकडं शिरोळला ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, उसानं भरलेल्या, वर चार पोरं बसल्याली. इथं एका मखरासाठी सुप्रीम कोर्ट. मी तर म्हणतो ढोलवाल्यांनापण ट्रेलरमध्येच बसवू, वाजवत जाऊ हॉलपर्यंत.

केतकी: 🥁🥁🥁 मी झांज!

सुहासदादा: ट्रेलरमध्ये माणसं बसवायची नाहीत. विनोद म्हणूनही नको, मागच्या वेळी विनोदच होता आणि मग फोटो इन्स्टावर आला.

केतकी: तो पार्किंगमध्ये उभा होता दादा, चालत नव्हता 😒

निखिल: मी बघितलं आत्ता. बाउमार्क्टमध्ये (हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात) दोन ॲक्सलचा मोठा मिळतोय, ब्रेकवाला, १३०० किलोचा. एका फेरीत सगळं. माझी एसयूव्ही आहेच, हुकसकट.

सुहासदादा: तुझ्या गाडीच्या कागदावर एकूण वजन किती?

निखिल: २४००.

सुहासदादा: २४०० आणि १३००, झाले ३७००. बी क्लासवर, म्हणजे साध्या कारच्या लायसनवर, ७५० किलोच्या वरचा ट्रेलर ओढायचा तर गाडी आणि ट्रेलर मिळून ३५०० च्या आत लागतात. नाही चालणार.

रणजित: अहो पण मखर थर्माकोलचं! पन्नास किलो भरणार नाही.

मंजिरी: थर्माकोलचं नाही. पुठ्ठ्याचं. गेल्या वर्षी ठराव झालाय. ठरावाला तुम्ही नव्हता, जेवणाला होता.

सुहासदादा: मखर पिसांचं असलं तरी फरक नाही. लायसनसाठी भरलेलं वजन बघत नाहीत, कागदावर मान्य असलेलं कमाल वजन बघतात. रिकामा ओढलास तरी १३०० च. बी-९६, म्हणजे बी लायसनवरची वाढीव परवानगी, केलं असतंस तर ४२५० पर्यंत चाललं असतं. त्याला परीक्षाही नसते, एक दिवसाचं ट्रेनिंग. चार वर्षं सांगतोय, कोणीतरी एकाने करा.

निखिल: तुम्हीच करा ना मग.

सुहासदादा: माझ्याकडे गाडीच नाही निखिल. मी ट्रेनने येतो. हेही चार वर्षं सांगतोय.

जोशीकाका: पुन्हा सांगतो. माझ्या गाडीला हुक आहे. साधा ७५० चा ट्रेलर घ्या, मी ओढतो. माझं लायसन १९९८ पासून इथलं आहे.

मंजिरी: मग प्रश्नच मिटला! काकांना सकाळपासून कोणी उत्तर दिलं नाही हे मात्र बरोबर नाही.

सुहासदादा: काका, ७५० चा कुठल्याही बी क्लासवर चालतो, ते अगदी बरोबर. फक्त गाडीच्या कागदाचा फोटो टाकता का? ओ.१ आणि ओ.२ हे रकाने. पहिल्यात ब्रेकवाला ट्रेलर किती किलोचा ओढता येतो ते असतं, दुसऱ्यात बिनब्रेकचा.

जोशीकाका: 📷 फोटो

निखिल: दोन्हीकडे नुसती रेघ आहे.

जोशीकाका: रेघ म्हणजे मर्यादा नाही असं असेल.

सुहासदादा: नाही हो काका. रेघ म्हणजे ट्रेलर ओढायला परवानगीच नाही. तुमची इलेक्ट्रिक आहे ना? काही मॉडेल्सना हुक मिळतो तो फक्त सायकल स्टँडसाठी. स्टँडचं वजन हुकावर उभं पडतं, ट्रेलर ओढणं वेगळं.

जोशीकाका: शोरूममध्ये हुकचे वेगळे पैसे घेतलेत माझ्याकडून.

रणजित: काका, मखर सायकलवरनं न्या 🤣

*जोशीकाका ग्रुपमधून बाहेर पडले*

केतकी: झालं समाधान?

रणजित: अहो मी प्रेमानं म्हटलं.

*केतकीने जोशीकाकांना ॲड केले*

मंजिरी: काका, तुमच्या गाडीतून मूर्ती येईल. पुढच्या सीटवर, बेल्ट लावून. मूर्तीची जबाबदारी मी दुसऱ्या कोणालाही देणार नाही.

जोशीकाका: ठीक आहे. मूर्तीसाठी येतो. ट्रेलरबद्दल मला यापुढे काहीही विचारू नये.

मंजिरी: आणि माझे ६० युरो.

रणजित: ३० पाठवले आत्ता. अर्धा दिवा माझा. अर्धा मागं उभं राहून "ये, ये, अजून ये" म्हणणाऱ्याचा.

निखिल: मी "थांब" म्हणालो होतो!

रणजित: खांबाला लागल्यावर.

*निखिलने हा मेसेज डिलीट केला*

सुहासदादा: मंडळी, शनिवारचं ठरवू. निखिलची गाडी, ७५० चा साधा ट्रेलर, दोन फेऱ्या. निखिलच चालवणार, दुसरं कोणी नाही. बुकिंग मंडळाच्या नावावर, डिपॉझिट मंडळाचं. घेतानाच चारही बाजूंनी फोटो काढा, दिव्यांचे खास.

निखिल: ओके. ट्रेलरच्या दिव्यांसाठी माझ्या गाडीचं सॉकेट १३ पिनचं आहे. त्यांच्या ट्रेलरचा प्लग सात पिनचा निघाला तर?

अमेय: अडॅप्टर आहे माझ्या घरमालकांकडे, मागून ठेवतो.

मंजिरी: शाब्बास.

सुहासदादा: जड पेट्या चाकांच्या वर, हलकं मागे. सगळं वजन शेपटीला गेलं तर ट्रेलर नागासारखा डोलायला लागतो. आणि निखिल, आउटोबानवर (हायवेवर) स्पीड ८०.

निखिल: ८०?? ट्रक मागून हॉर्न मारतील. १०० चा स्टिकर असतो ना मागे.

सुहासदादा: ट्रेलरवर १०० चा अधिकृत स्टिकर असेल आणि तुझी गाडी त्या अटींत बसत असेल, तर १००. नाहीतर ८०. बोब्लिंगन ते फायहिंगन अंतर ते काय, पाच मिनिटांनी कोणाचा मोदक थंड होणार आहे?

केतकी: कमानीचे पाइप साडेतीन मीटर आहेत. ट्रेलर अडीच मीटरचा. बाहेर येणार.

सुहासदादा: मागच्या रिफ्लेक्टरपासून एक मीटरपेक्षा जास्त बाहेर आले तर भडक लाल कापड लावायचं, निदान ३० बाय ३० सेंटिमीटर, आडव्या काठीने ताणलेलं. पाइप तिरके टाकले तर बहुतेक वेळ येणार नाही. पण जवळ असू द्या.

केतकी: लाल ब्लाउजपीस चालेल? ओटीतले ढीगभर आहेत.

मंजिरी: जरीचे नकोत. ते मी आरतीच्या ताटांना ठेवलेत.

रणजित: शनिवारी पाऊस दाखवतोय. पुठ्ठ्याच्या मखराचा ठराव केलेल्यांनी बघून घ्या 🌧️

मंजिरी: ताडपत्री कोणाकडे आहे?

जोशीकाका: माझ्याकडे आहे. निळी. एका कोपऱ्यात भोक आहे.

सुहासदादा: चालेल काका. बांधायला सुतळी नको, पट्टे लागतील. चार तरी.

अमेय: पट्टे मी आणतो. केलरची किल्ली कोणाकडे आहे?

केतकी: मंजिरीताईंकडे.

मंजिरी: माझ्याकडे नाही. रणजितकडे आहे, विसर्जनापासून.

रणजित: शोधतो.