जुन्या टाटामोबाइलला २०७ डीआयचं इंजिन: बसवावं की नाही?

जुना_पिकअप (ओतूर): माझ्या टाटामोबाइल पिकअपचं मूळ डिझेल इंजिन १९४८ सीसीचं. क्रेट भरले की चढाला दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकते. मिस्त्री म्हणतो, रीबोर (झिजलेले सिलिंडर कापून सारखे करणं), डिझेलचे नोझल, पंप धरून जेवढा खर्च, तेवढ्यात स्क्रॅपमधलं २०७ डीआय पिकअपचं २९५६ सीसी इंजिन बसेल. कंपनीही टाटाच. माझं मत, बसवावं. चेसिस ठणठणीत आहे, नव्या गाडीचे हप्ते कोण भरणार?

घाटमाथा: अजिबात नको. तू टोमॅटो घेऊन माळशेजने कल्याणला उतरतोस. भरलेली गाडी उताराला, रिकामी चढाला. मग ओढ हवी कशाला? नाकावर वजन वाढवशील आणि थांबायला ब्रेक मूळचेच.

पानं_पक्कड: मी बसवलंय, म्हणून बोलतो. चढाला गाडी ऐकते, खोटं नाही. पण नुसतं इंजिन घेऊ नका, गिअरबॉक्ससकट सेट घ्या. माझं माउंटिंग, म्हणजे इंजिनाची बैठक, कापून नवं वेल्ड केलं, तरी पंखा रेडिएटरपासून दोन बोटांवर. पुढे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) कापून बॅलन्स करावा लागला. त्यात मोठं इंजिन कमी आरपीएमवर चालणारं आणि डिफरन्शिअल (मागच्या एक्सलमधले गिअर) जुनंच, त्यामुळे सपाटीला साठच्या पुढे नुसती बोंब. तरी परत करीन!

आरसी_बुक: आणि पासिंगचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करायचा नाही. परवानगीशिवाय इंजिन बदलायची मुभा सरकार देऊ शकतं ती किमान दहा व्यावसायिक गाड्या असणाऱ्या मालकाला, तीही त्याच कंपनीच्या त्याच प्रकारच्या इंजिनापुरती. 'टाटाच आहे' म्हणून भागत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झाला की विमावाले आधी इंजिन नंबर बघतील.

पानं_पक्कड: रस्त्यावर बॉनेट कोण उघडतंय?

आरसी_बुक: अपघातानंतर उघडतात, दादा.

जुना_पिकअप: घाटमाथा, रिकामी कोण म्हणालं? येताना विटा असतात.

घाटमाथा: किती?

जुना_पिकअप: ते राहू दे.

घाटमाथा: कळलं. आधी विटा कमी कर, मग जुन्याच इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपास.

जुना_पिकअप: बरं, मिस्त्रीला आठवडाभर थांबवलंय. इंजिनाचं हेड खोलून पिस्टनच्या रिंगा बघतो. पण स्क्रॅपवाल्याकडे टोकन दिलंय, ते काही मागे घेतलेलं नाही.