मदत हवी आहे: ग्रे वॉल्टरचं कासव शाळेत बनवायचंय

नमस्कार मंडळी,

मंडणगड तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांनी 'रोबोटिक्सच्या इतिहासातले टप्पे' हा विषय घेतलाय. नुसते तक्ते नकोत, एक तरी टप्पा टेबलावर चालता-फिरता दाखवायचा, हे मुलांनीच ठरवलं.

मी ग्रे वॉल्टर यांची कासवं, म्हणजे कासवासारखे छोटे फिरते रोबो, सुचवली. मेंदूवर संशोधन करणाऱ्या या माणसाने १९४८-४९ च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये एल्मर आणि एल्सी बनवली. प्रत्येकात दोनच व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरचं काम करणाऱ्या जुन्या काचेच्या नळ्या), एक प्रकाश ओळखणारा सेल आणि वर सैल टांगलेलं कवच. कवच कुठूनही धडकलं की संपर्क जुळायचा आणि कासव धडपडत वाट काढायचं. मंद दिवा दिसला की तिकडे जायचं, उजेड फार झाला की तोंड फिरवायचं. बॅटरी उतरली की मात्र तोच प्रखर दिवा त्याला चार्जिंगच्या खोपटात ओढून न्यायचा.

मुलांना हे लगेच भिडलं, कारण वेळासच्या किनाऱ्यावर त्यांनी ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिलीत. पिल्लू उंच, काळोख्या बाजूकडे पाठ करतं आणि क्षितिजाच्या उजळ कडेकडे सरकतं, म्हणून तर किनाऱ्यावर दिवे नकोत असं सांगतात. एका मुलीने विचारलं, "बाई, मग पिल्लाच्या डोक्यात पण एवढंच असतं का?" या प्रश्नासाठी तरी मला हे मॉडेल चालायलाच हवंय.

अडचणी अशा:

आर्डुइनो (प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा बोर्ड) वापरायचा नाही. कासव का वळलं हे मुलांना तारेवर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर) आणि एका ट्रान्झिस्टरवर 'उजेड दिसला की वळणं थांबव' एवढं जमतंय, पण 'फार उजेड झाला की पुन्हा वळ' हे जमत नाही. एलडीआर पुढच्या चाकाबरोबर गोल फिरतो, त्यात तारांना पीळ बसतो. कवचाखालच्या पितळी पट्ट्या खाऱ्या हवेने हिरव्या पडतात, मग धडक कळतच नाही.

बाकीच्या टप्प्यांसाठी जागा थोडी आहे. न्यू जर्सीतल्या कारखान्यात १९६१ साली तापलेले धातूचे भाग उचलणारा युनिमेट हा यांत्रिक हात हवाच. स्पेनजवळच्या समुद्रातून १९६६ मध्ये हरवलेला हायड्रोजन बॉम्ब वर काढणारं 'कर्व्ह' हे यंत्रही मला हवंय, कारण आमची मुलं समुद्रावर वाढलीत. त्याच्याच शेजारी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची 'माया' ही स्वयंचलित पाणबुडी. शेवटी २०२३ चा प्रज्ञान रोव्हर. मुलांना माणसासारखा दिसणारा एक तरी रोबो हवाय, मला तो वगळावासा वाटतो. तुमचं मत सांगा.

प्रतिसाद

ताई, एलएम३९३ घ्या, एका आयसीत दोन कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारे भाग) मिळतात. एलडीआरचा व्होल्टेज दोघांनाही द्या, एकाच्या इनपुट उलट्या जोडून. एका प्रीसेटने (स्क्रू फिरवून बदलायचा रोध) अंधुक उजेडाची सीमा ठरवा, दुसऱ्याने प्रखर उजेडाची. दोन्ही आउटपुट एकत्र जोडून एक पुल-अप रोध (आउटपुट ते पुरवठ्याची धन तार) लावा. उजेड दोन सीमांच्या मध्ये असेल तेव्हाच आउटपुट वर राहतं. ते खाली गेलं की पीएनपी ट्रान्झिस्टर वळणाची मोटर चालू करेल. मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावाच.

पीळ टाळायला माइकवाल्या इअरफोनची पिन आणि सॉकेट वापरा. चार संपर्क मिळतात आणि पिन कितीही फिरली तरी चालते.

पट्ट्यांऐवजी रीड स्विच (चुंबक जवळ असला की जुळणारा स्विच) घ्या. त्याचे संपर्क काचेत बंद असल्याने खारी हवा लागत नाही. चुंबक कवचाला मधोमध, स्विच बरोबर त्याच्याखाली. कवच सरकलं की स्विच उघडतो, कुठल्याही बाजूने.

मुलांचं ऐका, जपानच्या वासेदा विद्यापीठाचा १९७३ चा वाबोट-१ ठेवा. दोन पायांवर चालणं किती अवघड आहे हे कासवाशेजारीच नीट कळेल.

प्रीसेट मात्र प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पोचल्यावर पुन्हा लावा. शाळेतल्या उजेडावर लावलेले तिथे चालणार नाहीत.