बाबांच्या अक्षरातला टॅटू करायचाय, पण लोक भलताच अर्थ घेतील का?

बाबांना जाऊन आठ महिने झाले. मी रात्रपाळी करायचे तेव्हा ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवायचे, "उशीर झाला तरी फोन कर, जागा आहे." त्यातली एक चिठ्ठी माझ्या पर्समध्ये राहिली होती, आता तेवढंच त्यांचं अक्षर माझ्याकडे आहे. ते तसंच्या तसं हातावर गोंदवून घ्यायचंय, मनगटाच्या आतल्या बाजूला. अख्खं वाक्य बसत नाही म्हणून मी फक्त "जागा आहे" एवढंच घ्यायचं ठरवलं, तर मैत्रीण म्हणाली अगं लोक वाचतील की इथे जागा रिकामी आहे, त्यापेक्षा शांततेचं (पीस) किंवा इन्फिनिटीचं चिन्ह काढ, सगळ्यांना कळतं. तेव्हापासून मन खट्टू झालंय. आणि दुसरं म्हणजे देवनागरी अक्षर बारीक काढलं तर टिकतं का? कुणी केलंय का असं? प्लीज सांगा.

शाईसुई:
दहा वर्षं टॅटू करतेय, म्हणून आधी टिकण्याचं सांगते. शाई वरच्या कातडीत नाही, त्याखालच्या थरात जाते, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. तिथे शरीरातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी ते कण गिळून बसतात, त्या मेल्या की कण सुटतात आणि नवीन पेशी ते परत गिळतात, 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी हे उंदरांवर दाखवलं होतं. वर्षं जातात तसे थोडे कण आजूबाजूला सरकतात आणि रेघ जाडसर होते. म्हणून अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा महत्त्वाच्या. तुझ्या दोन शब्दांत ज, ग, आ ठीक आहेत, पण "ह" ची वळणं लहान साइजमध्ये भरून जातात आणि नुसता डाग दिसतो. अक्षराची उंची कमीत कमी एक सेंटीमीटर तरी ठेव. मनगटाच्या घडीवर नको, दोन-तीन बोटं वर घे, घडीवर शाई लवकर फिकी पडते. आणि आर्टिस्टला स्पष्ट सांग की अक्षर "सुधारायचं" नाही!! आम्हाला सवय असते शिरोरेषा सरळ करायची, वेलांटी-मात्रा गोंडस करायची. चिठ्ठी नीट स्कॅन करून त्याचंच स्टेन्सिल काढायला लाव, बाबांची रेघ जिथे तुटलीय तिथे तुटलेलीच राहू दे. मूळ चिठ्ठी मात्र दुकानात नेऊ नकोस, प्रिंट ने.

अर्धविराम:
माझ्या कानामागे अर्धविराम (;) आहे. एमी ब्लूएल या बाईंनी 2013 मध्ये आपल्या वडिलांच्या आठवणीत ही अर्धविरामाची मोहीम सुरू केली, जगणं नकोसं वाटणाऱ्यांसाठी, कल्पना अशी की लेखकाला वाक्य संपवता आलं असतं पण त्याने संपवलं नाही. माझे दिवस फार वाईट होते तेव्हा मी तो करून घेतला. बघणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो तीळ वाटतो किंवा शाईचा ठिपका, आणि ज्याला कळतो तो माणूस काही न विचारता नुसतं बघतो माझ्याकडे. असं दोनदाच झालंय आणि दोन्ही वेळा मला रडू आलं. मला सांग, "जागा आहे" कुणी चुकीचं वाचलं तर बाबांचं काय कमी होतं गं? तुला सांगावंसं वाटेल त्याला सांगशील, बाकीच्यांना जागा रिकामी आहे असं वाटू दे, उलट तुझी गोष्ट तुझ्यापाशीच राहील.

जुनी_चूक:
मी इन्फिनिटीवाला आहे, म्हणून लिहितोय. भाऊ गेला त्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुकानात गेलो, कॅटलॉगमधलं चिन्ह दाखवलं, अर्ध्या तासात झालं पण. चिन्ह वाईट नाही हो, पण त्यात माझा भाऊ कुठेच नाही. तो आयुष्यात कधी असलं काही बोलला नसता. आता लेसर चालू आहे, दर दीड-दोन महिन्यांनी एक सेशन, काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते म्हणतात तरी चार सेशन झाले आणि सावली आहेच अजून. तुझ्याकडे त्यांचे स्वतःचे शब्द आहेत, त्यांच्या हातचे, ते सोडून सगळ्यांना कळणारं काहीतरी घेऊ नकोस. फक्त घाई नको. महिनाभर रोज त्याच जागी पेनाने लिहून बघ, आणि कामावर, बसमध्ये, भांडण झाल्यावर बघत जा हाताकडे. तरीही हवंसं वाटलं तर कर.

वेलांटी:
एक गोष्ट कुणी बोललं नाही. तू बाई आहेस आणि हातावर लिहिलेलं असणार "जागा आहे", "जागी आहे" नाही. ज्याला "जागा" म्हणजे झोपलेला नाही हे लक्षात येईल त्याला त्याच क्षणी कळेल की हे तू बोलत नाहीयेस, कुणीतरी पुरुष तुझ्याशी बोलतोय. दुसऱ्या कुठल्याही चिन्हाने हे साधलं नसतं. मी वाचलं आणि काटा आला अंगावर.

मूळ प्रश्नवाली:
वेलांटी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आत्ता वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. आज चिठ्ठी स्कॅन केली. मोठी करून बघितल्यावर दिसलं की "आहे" वरची मात्रा पार पुढे गेलीय, घाईत लिहिलं असणार. ती तशीच ठेवणार. उद्यापासून पेनाने लिहायला लागते. शाईसुई, पहिले दोन-तीन आठवडे काय काळजी घ्यायची?

शाईसुई:
खपली धरेल, खाज येईल, नखं लावायची नाहीत. सौम्य साबणाने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मलम अगदी पातळ. पोहणं आणि थेट ऊन बंद. लाली पसरायला लागली किंवा ताप आला तर सरळ डॉक्टरकडे. स्टेन्सिल लावल्यावर सुई सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं हात खाली सोडून, वर घेऊन, वळवून बघ. आवडलं नाही तर पुसून परत लावायला सांग, कितीही वेळा.