'दम धर' म्हणजे नेमकं काय धरायचं?

घाटवाट (सातारा)
गेल्या रविवारी पहाटे भाचीला घेऊन यवतेश्वरच्या घाटात पळायला गेलो. पोरगी पुण्यात वाढलेली. समर्थ मंदिर मागं पडलं, चढ लागला आणि ही सुसाट सुटली. मी मागून ओरडलो, "अगं, दम धर!" तर तिनं गाल फुगवून श्वास कोंडला आणि तशीच वीसेक पावलं पळाली. मग लालबुंद होऊन कठड्यावर बसली. "मामा, तूच म्हणालास ना, धर!"

हसून सोडून दिलं असतं, पण आमच्या पळणाऱ्यांच्या गटाची एक छोटी पुस्तिका निघतेय. त्यासाठी एका इंग्रजी लेखाचं मराठी करतोय. लेखिकेचं म्हणणं असं, की चढावर पाय आवरणं, प्रवासात गाडी चुकली तरी डोकं शांत ठेवणं आणि घरात जीभ आवरणं ही एकच साधना आहे. तिच्या 'पेस' (आपली चाल सांभाळणं) या शब्दासाठी मी सगळीकडं 'दम धरणे' घातलंय. वडील म्हणतात 'संयम' लिही. संयम लिहिला की घाटातला घाम जातो आणि प्रवचन सुरू होतं. काय करू?

निवृत्त_पंतोजी
बिनधास्त 'दम' ठेवा, आणि प्रवचनाला एवढं भिऊ नका. शम-दम ही जोडी ऐकली असेलच. गीतेच्या १६व्या अध्यायात दैवी गुण मोजताना पहिल्याच श्लोकात 'दानं दमश्च' आलं आहे. बृहदारण्यक उपनिषदात प्रजापती देव, माणसं आणि असुर या तिघांनाही एकच अक्षर सांगतो, 'द'. देवांनी त्याचा अर्थ घेतला 'दाम्यत', आवरा स्वतःला. माणसांनी 'द्या' आणि असुरांनी 'दया करा'. तुमच्या भाचीनं चौथा अर्थ काढला, एवढंच.

अस्सल_मराठी
पंतोजी, गल्लत होतेय. दम लागतो, दम भरतो, दम तुटतो, हा दम फारसी. त्याचा अर्थ श्वास. गीतेतला दम संस्कृत 'दम्' धातूचा. दिसायला जुळे, पण घराणी वेगळी. म्हणजे भाचीनं शब्दशः बरोबर केलं! शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी, आणि साताऱ्यातल्या माणसानं तरी हे विसरू नये. 'संयम' लिहा.

माणदेशी
कोश दरबारी कारभारासाठी होता, घाटात पळणाऱ्यासाठी न्हवं. आणि फारसी-अरबी काढायचंच तर वारीत बुक्क्याबरोबर उधळतो तो अबीरही काढा. तो अरबी.

आमच्या आज्जीकडं एकट्या दमाची पाच-सहा कामं हुती. 'दम खा' म्हंजे थांब, बस, पाणी पी. 'दम काढ' म्हंजे वाट बघ, भाकरी तव्यावर हाय. 'दम दिला' म्हंजे बापानं झापला. आन् 'दमानं' म्हंजे काम चालूच ठेवायचं, पण सावकाश. दुधाची चरवी भरून गोठ्यातनं निघालो की मागनं हमखास, "दमानं रं!" त्यात थांबणं नाही आन् पळणंही नाही. दादा, तुम्हाला पाहिजे तो शब्द ह्योच. 'दम धरा' खोडा, 'दमानं पळा' लिहा.

(ललिता बाबर आमच्या माण तालुक्यातल्या, मोहीच्या. २०१६ला रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाल्या. उगं आपलं सांगितलं.)

अस्सल_मराठी
'दमानं' ही बोली झाली. छापील मराठीत चालणार नाही.

माणदेशी
मग छापील मराठीत दूध सांडत असंल.

लोणंदची_सून
वाद चालू द्या, माझं थोडं वेगळं. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंबरोबर माउलींच्या पालखीत लोणंदपासून फलटणपर्यंत चालले. मी रोज पळणारी, २०१२ला सुरू झालेल्या सातारच्या त्या घाटातल्या अर्धमॅरेथॉनमध्ये दोनदा एकवीस किलोमीटर पळलेली. पहिल्या दिवशी तरडगावच्या आधीच, चांदोबाच्या लिंबापाशी, उभं रिंगण बघताना मांडीत गोळा आला. सासूबाई पासष्टीच्या, डोक्यावर तुळस, पायात स्लीपर. म्हणाल्या, "दम लागायच्या आधी बसायचं गं. लागल्यावर बसलं की उठवत नाही." घड्याळावर हृदयाचे ठोके बघत पळणाऱ्या मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच सासूबाईंना घरी कुकरच्या तीन शिट्ट्यांचा दम निघत नाही, तो भाग वेगळा. त्यामुळे घाटात शिकलेलं घरात लागू पडतं, हे तुमच्या लेखिकेचं म्हणणं मला सरसकट पटत नाही.

निवृत्त_पंतोजी
घराचा विषय निघालाच आहे तर तिसरा दमही घ्या. वेदात 'दम' म्हणजे घर! ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नीला 'वर्धमानं स्वे दमे' म्हटलंय, आपल्या घरात वाढणारा. 'दंपती' म्हणजे घराचे धनी-धनीण, ते याच दमाचे. आपले वैयाकरण मात्र तो शब्द 'जाया' आणि 'पती' यांवरून लावतात. श्वास, आवर आणि घर असे तीन दम झाले. मुळं तीन असोत, मराठी तोंडात एकच शब्द आहे.

अस्सल_मराठी
तीन मुळांचा एक शब्द म्हणजे शब्द नव्हे, काला.

लोणंदची_सून
काल्याशिवाय वारी संपत नाही हो काका.

माणदेशी
पंतोजी, मग आमची दमणी कुठली? आजोबांची हुती, हलकी बैलगाडी, माणसं बसायची. गोंदवल्याला तिच्यातनंच जायची घरची.

निवृत्त_पंतोजी
छान आठवण काढलीत. नांगराला नाहीतर गाडीला शिकवायच्या गोऱ्ह्याला संस्कृतात 'दम्य' म्हणतात. दमणी त्याच घरची असावी असा माझा तर्क. तर्कच, मागाहून भांडू नका.

अस्सल_मराठी
तर्क म्हणून ठीक. पण दमणी म्हणजे छकडाच ना?

माणदेशी
छकडा कसला! आमच्या दमणीला कमानीचं छप्पर हुतं, आत गादी. म्हातारी पाय लांब करून बसायची.

घाटवाट (सातारा)
मंडळी, उद्या सकाळी छपाईला द्यायचंय. मथळा 'दमानं' केलाय, आत चार ठिकाणी 'दम धरा' राहिलंय, आणि वडिलांसाठी शेवटच्या पानावर एक 'संयम'. भाचीनं गाल फुगवलेल्या मुलीचं चित्र काढून दिलंय, तेही टाकतोय.

लोणंदची_सून
आमच्या माहेरच्या दमणीला छप्पर नव्हतं. कुणाकडं जुना फोटो आहे का?